गणेशपुरीच्या कुंडांवर एक रात्र

डोंबिवलीकरांचा वज्रेश्वरीचा बेत वर्षानुवर्षं ठरलेला आहे. सकाळी निघायचं, देवीचं दर्शन घ्यायचं, अकलोलीच्या कुंडात एक बुडी मारायची, गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधीपुढे डोकं टेकवायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. या धावपळीत गरम पाण्याच्या वाट्याला दहा मिनिटं येतात, तीही भर उन्हात आणि ऐन गर्दीत. हे पाणी महानगराच्या इतकं जवळ असूनही आपल्याला त्याची खरी ओळख झालेली नाही, त्याचं कारण हेच. या पाण्याला मुक्काम लागतो.

जपानमध्ये गरम झऱ्याला ओन्सेन आणि पारंपरिक मुक्कामाच्या घराला ऱ्योकान म्हणतात. टोकियोच्या ओतेमाची या कचेऱ्यांच्या भागातही एक ऱ्योकान आहे आणि तिथे सुमारे १,५०० मीटर खोलीवरून उपसलेल्या झऱ्याच्या पाण्यात स्नान करता येतं. पण गावातलं असो की शहरातलं, ऱ्योकानचा क्रम बदलत नाही. पाहुणा दुपारी तीनच्या सुमारास येतो. रात्रीच्या जेवणाआधी एक स्नान, झोपण्याआधी दुसरं आणि सकाळच्या न्याहारीआधी तिसरं. मधल्या वेळात तो काही करत नाही. विश्रांती हेच काम. हा क्रम आपल्याकडे जसाच्या तसा पाळता येतो. तो कसा, ते पायरीपायरीने पाहू.

१. आधी पाणी समजून घ्या

सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण रेषेत अठरा ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत. पालघर जिल्ह्यातल्या कोकणेरपासून रत्नागिरीतल्या राजापूरपर्यंत ही रांग जाते. पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीतलं उन्हवरे, संगमेश्वरातलं तुरळ ही त्यातलीच नावं. ठाणे जिल्ह्यातला गट भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी आहे: वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी.

खाली ज्वालामुखी धगधगतो म्हणून पाणी तापतं, असा समज आहे; तो चुकीचा आहे. पावसाचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या तापलेल्या खडकाची उष्णता घेतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वाटेत खडकातले क्षार त्यात विरघळतात, म्हणून चव किंचित खारट लागते आणि गंधकाचा वास येतो. उगमाजवळचं पाणी सर्वांत कडक. पुढच्या कुंडात ते निवत जातं. त्यामुळे एकाच आवारातली कुंडं वेगवेगळ्या तापमानाची असतात. कुठल्या कुंडात उतरायचं हे ठरवताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बरंच काम होतं.

२. दिवस निवडा

डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पहाटेच्या गारव्यात कुंडावर वाफ दिसते आणि अंगाला ऊब हवीशी वाटते. एप्रिल-मे महिन्यांत हे स्नान त्रासाचं होतं. पावसाळ्यात तानसा फुगते आणि अकलोलीची काठावरची कुंडं पुराच्या पाण्याखाली जाऊ शकतात, तेव्हा त्या दिवसांत नदीकाठच्या कुंडांचा विचारच नको.

शनिवार-रविवार टाळता आला तर जरूर टाळा. मंगळवार-शुक्रवारी देवीच्या दर्शनाला गर्दी वाढते. नवरात्र, चैत्र अमावास्येची वज्रेश्वरीची यात्रा, गुरुपौर्णिमा आणि ८ ऑगस्ट, म्हणजे १९६१ साली नित्यानंदांनी समाधी घेतली तो दिवस, हे दिवस भक्तांचे आहेत. निवांत मुक्काम हवा असेल तर बुधवारी दुपारी जाऊन गुरुवारी दुपारी परतणं सोयीचं.

३. खोली ठरवताना चार प्रश्न विचारा

अकलोली आणि वज्रेश्वरीत लॉज, छोटी हॉटेलं, रिसॉर्ट आहेत; गणेशपुरीत भक्तांसाठीच्या साध्या खोल्या मिळतात. फोनवर भाडं विचारण्याआधी हे विचारा:

• न्हाणीघरात येणारं पाणी झऱ्याचं आहे की गीझरचं? दोन्ही प्रकार सापडतात.

• खाजगी टाकी असेल तर ती प्रत्येक पाहुण्यासाठी रिकामी करून पुन्हा भरतात का? काही ठिकाणी फरशी बसवलेली छोटी टाकी कुटुंबापुरती देतात. ज्येष्ठांना आणि संकोच वाटणाऱ्या स्त्रियांना ती फार सोयीची, पण पाणी बदललं जात असेल तरच.

• तळमजल्यावर खोली आणि कमोडची सोय आहे का? गुडघेदुखीसाठी म्हणून आईला न्यायचं आणि तिला दोन जिने चढायला लावायचे, असं व्हायला नको.

• रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत मिळतं? गावात लवकर सामसूम होते.

झऱ्याचं पाणी खोलीत येत नसेल तर कुंडापासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत राहा. स्नानानंतर ओल्या अंगाने वाऱ्यावर रिक्षाने फिरणं सोसत नाही.

४. डोंबिवलीहून निघा

अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. गाडीने जाणाऱ्यांना दोन वाटा: कल्याणहून दुर्गाडी पूल आणि कोनगावमार्गे भिवंडी, किंवा डोंबिवली पश्चिमेहून मोठागाव-माणकोली पुलाने खाडी ओलांडून माणकोली, अंजूर फाटा आणि भिवंडी. तिथून वाड्याच्या रस्त्याने अंबाडी नाक्यापर्यंत जायचं आणि वज्रेश्वरीकडे वळायचं. भिवंडीच्या गोदामांमुळे या रस्त्यावर कंटेनर आणि ट्रेलरची रांग असते, रस्ताही जागोजागी खराब. म्हणून दोन तास धरूनच चाला. घरी लवकर जेवून अकरा-साडेअकराला निघालात तर दोनच्या आत आरामात पोचाल.

एसटीने जायचं तर कल्याणहून भिवंडी आणि भिवंडीहून वज्रेश्वरी-गणेशपुरीची गाडी. थेट गाडी चुकली तर अंबाडी नाक्यापर्यंत येऊन पुढे वाटणीच्या रिक्षेने जाता येतं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर विचारून ठेवा.

५. पिशवीत काय घ्याल

दोन पंचे, एक अंग पुसायला आणि एक लहानसा घाम टिपायला. बदलायचे दोन जोड सुती कपडे. ओल्या फरशीवर न घसरणारी रबरी चप्पल. पाण्याची बाटली, लिंबू-मीठ-साखर किंवा कोकमाचं आगळ. ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी. नेहमीची औषधं.

दागिने घरीच ठेवा. गंधकाच्या पाण्याने चांदी काळवंडते. जोडवी आणि पैंजण काढायला विसरलं, तर परत आल्यावर ती घासत बसावं लागतं.

६. पहिलं स्नान: संध्याकाळी

पोचल्यावर तासभर पडा, चहा घ्या, मग पाण्याकडे वळा. जपानी माणूस इथे एक नियम कटाक्षाने पाळतो, आणि आपणही तो पाळला पाहिजे: कुंडात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवायचं. साबण लावून, डोक्यापासून पायापर्यंत, खोलीतल्या न्हाणीघरात किंवा कुंडाबाहेरच्या नळाखाली. कुंड हे मळ काढायची जागा नाही. साबण, शाम्पू, तेल, उटणं यांतलं काहीही कुंडात नेऊ नका. केस वर बांधा. जपानात सार्वजनिक ओन्सेनमध्ये सहसा विवस्त्र उतरतात. आपल्याकडे अंगावर कपडे असतात, तेव्हा ते तरी धुतलेले आणि सुती असावेत. प्रवासातले घामट कपडे घालून उतरणं म्हणजे सगळ्यांच्या पाण्यात धूळ कालवणं.

उतरण्याआधी कोपर बुडवून पाहा. जपानातली स्नानाची कुंडं साधारण ४० ते ४२ अंशांवर ठेवतात. आपल्या उगमाजवळचं पाणी त्याहून बरंच कडक असतं. कोपराला चटका बसला तर ते कुंड सोडून पुढच्या, निवलेल्या कुंडाकडे जा. मग कडेला बसून आधी पावलं, नंतर पोटऱ्या, मांड्या आणि शेवटी कंबर, असं उतरा. तांब्याने खांद्यावर पाणी घेतलं की शरीर तयार होतं.

पहिल्या खेपेला पाच मिनिटं पुरे. बाहेर या, दोन घोट पाणी प्या, वाटलं तर पुन्हा पाच मिनिटं. डोकं बुडवू नका, मुलांना सूर मारू देऊ नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात क्वचित असा अमीबा असतो, जो नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो. हा आजार फार विरळा आहे, पण जिवावर बेततो. आणि तो टाळायला डोकं पाण्याबाहेर ठेवणं पुरेसं आहे. बाहेर येताना कठडा धरून सावकाश उठा, कारण उष्णतेने रक्तदाब उतरतो आणि झटकन उभं राहिलं तर भोवळ येते.

७. जेवण आणि दुसरं स्नान

स्नानानंतर अर्धा तास आडवं व्हा. मग हलकं जेवा: भात-वरण, भाकरी-भाजी. गणेशपुरीत दाक्षिणात्य भक्तांची ये-जा मोठी असल्याने इडली-डोसाही चांगला मिळतो. मद्य आणि गरम पाणी यांची गाठ घालू नका. जीवाला धोका असतो.

जेवणानंतर निदान दीड तास जाऊ द्या. दुसरं स्नान छोटं, खोलीतल्या झऱ्याच्या पाण्याचं. ती सोय नसेल तर बादलीत गरम पाणी घेऊन पंधरा मिनिटं पाय बुडवून बसा. रात्री नदीकाठच्या उघड्या कुंडांवर जाऊ नका. शेवाळावर पाय घसरतो आणि मदतीला कोणी नसतं.

८. तिसरं स्नान: पहाटे

मुक्कामाचा खरा लाभ इथे होतो. गणेशपुरीत भीमेश्वर महादेवाच्या देवळालगतची कुंडं पहाटेच उघडतात. नक्की वेळ आणि स्त्री-पुरुषांच्या जागा आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. या वेळी पाण्यात दिवसाची गर्दी उतरलेली नसते. नित्यानंद १९३६ च्या सुमारास या जंगलपट्टीत येऊन राहिले, तेव्हापासून इथलं पहाटेचं स्नान उपासनेचा भाग झालं आहे. म्हणून आवाज खाली ठेवा, मोबाईल खोलीत ठेवा. शेजारचा माणूस जप करत असेल तर त्याला त्याची जागा द्या.

स्नान झालं की कोरड्या कपड्यांत समाधी मंदिरात जा. न्याहारी करा आणि मग वज्रेश्वरीकडे निघा. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस बोलला आणि १७३९ च्या विजयानंतर हे मंदिर उभं राहिलं, म्हणून त्याची तटबंदी किल्ल्याची आठवण करून देते. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. बावन्न पायऱ्या आहेत. चढताना पायरीवर कोरलेलं सोनेरी कासव पाहायला विसरू नका. पायांना रात्रभर विश्रांती मिळालेली असते, त्यामुळे ज्येष्ठांनाही ही चढण थांबत थांबत जमते.

९. कोणी उतरू नये

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष जपावं. पाणी किती कडक आहे हे त्यांच्या पायांना कळत नाही आणि भाजल्याचं उशिरा लक्षात येतं. ताप, उघडी जखम, पसरणारा त्वचारोग असेल तर स्वतःसाठी आणि इतरांसाठीही बाहेरच थांबावं. तान्ह्या बाळांना कुंडात उतरवू नका.

गरम पाण्याने स्नायू सैल होतात, सांध्यांचा ताठरपणा काही काळ कमी होतो, झोप चांगली लागते. एवढं निश्चित मिळतं आणि ते थोडं नाही. संधिवात कायमचा जाईल किंवा इसब बरा होईल, या आशेने चालू औषधं मात्र बंद करू नका.

१०. पाण्याचं देणं

जपानात १९४८ साली ओन्सेनसाठी कायदा झाला. उगमाशी २५ अंशांहून कमी नसलेलं किंवा ठरावीक क्षार असलेलं पाणीच तिथे ओन्सेन म्हणवतं. पण तिथली कुंडं स्वच्छ राहतात ती प्रत्येक पाहुणा आधी अंग धुतो म्हणून. आपल्या कुंडांवर शाम्पूच्या पुड्या, निर्माल्य आणि सोडून दिलेले कपडे दिसतात. त्याला दोन्हीकडून उपाय हवा: ग्रामपंचायती आणि देवस्थानांनी कुंडाबाहेर नळ, आडोसा आणि कचऱ्याचे डबे द्यावेत, आणि आपण आपला नियम पाळावा.

तुमच्या गटातल्या सगळ्यांना उतरण्याआधी अंग धुवायला सांगा. लहान मुलांना त्याचं कारण समजावून सांगा. आपल्या पुड्या आणि बाटल्या परत घेऊन या. खोली ठरवताना स्वच्छतेची चौकशी करणारे पाहुणे वाढले की लॉजवाले टाक्या रोज धुवायला लागतील, हे नक्की. ठाणे जिल्ह्याला निसर्गाने दिलेलं हे पाणी डोंबिवलीपासून दोन तासांवर आहे. त्याला एक रात्र द्या आणि पुढच्या माणसासाठी ते स्वच्छ ठेवा.