निधीसाठी सामुदायिक जेवण : दोनशे पानांचा हिशेब

तालुक्याच्या गावातलं एक तरुण मंडळ कबड्डीचा संघ चालवतं. बारा खेळाडूंना जर्सी, शॉर्ट आणि बूट असं किट घ्यायचं आहे. एकाचे १,५०० रुपये धरले तर १८,००० होतात. दारोदार वर्गणी मागण्यापेक्षा कूपन काढून एक संध्याकाळचं जेवण ठेवावं, असं ठरतं. विचार चांगलाच आहे. गाव एकत्र जेवतं, पोरं वाढायला आणि हिशेब ठेवायला शिकतात, आणि पैसे देणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतं. मात्र अशी बरीच जेवणं सगळी कूपनं खपूनही जेमतेम खर्च भागवतात. तसं का होतं, ते आकडे मांडल्यावरच दिसतं. पुढचे दर मध्यम गावातले आणि अंदाजाचे आहेत. तुमच्या बाजारात विचारून ते बदलून घ्या, मांडणी हीच ठेवा.

बेत साधा ठेवा : पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, आमटी-भात, कांदा-लिंबू, जिलबी आणि मठ्ठा. पनीरची भाजी आणि पुलाव घरोघरच्या समारंभात असतातच. चांगल्या पिठलं-भाकरीसाठी लोक मुद्दाम येतात.

दोनशे पानांना माणशी अडीच भाकरी धरून ५०० भाकरी लागतील. महिला बचत गटाकडून १२ रुपयांनी घेतल्या तर ६,००० होतात. या दरात घासाघीस करू नका. चुलीपुढचे ते चार तास फार कष्टाचे असतात. बेसन १० किलो (१,१००), तांदूळ १३ किलो (७८०), तूरडाळ ५ किलो (६५०), तेल ७ लिटर (१,०५०), मिरची-लसूण-शेंगदाणे-कांदा-लिंबू-मसाले मिळून २,६००, जिलबी १४ किलो (३,०८०), मठ्ठ्यासाठी दही १५ किलो (१,२००). पत्रावळी, द्रोण, कागदी पेले १,८०० आणि पाण्याचे दहा जार ४००. सगळं मिळून १८,६६०, म्हणजे पानामागे ९३ रुपये. थर्माकोलची ताटं स्वस्त मिळतील, पण राज्यात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे.

आता दुसरा खर्च. पानं शंभर असोत वा दोनशे, हा फारसा हलत नाही. आचारी आणि दोन मदतनीस ५,०००, हॉल ३,०००, भांडी-शेगड्या-टेबल-खुर्च्या ३,५००, गॅस १,९००, कूपन आणि फलकाची छपाई १,२००, टेम्पो, सफाई आणि किरकोळ १,९००. एकूण १६,५००. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्या. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरायला परवानगी नाही. सिलिंडरचे दर सतत बदलतात, तेव्हा त्या महिन्याचा भाव विचारून घ्या.

दोन्ही खर्च मिळून ३५,१६० होतात. कूपन २०० रुपयांना ठेवलं आणि सगळीच्या सगळी दोनशे खपली, तर जमा ४०,०००. हातात उरतात ४,८४०. पहिली १५४ कूपनं निव्वळ खर्च भागवण्यात जातात. महिनाभर धावपळ केलेल्या पोरांच्या हाती तीनच किटांचे पैसे पडतात.

म्हणून माझा आग्रह एकच : न हलणारे १६,५०० रुपये एकही कूपन विकण्याआधी देणगीदारांकडून उभे करा. रोख मागण्यापेक्षा वस्तू किंवा काम मागितलं तर लोक लवकर हो म्हणतात. मंडपवाल्याला सांगा, खुर्च्या तुमच्याकडून. छापखान्याला सांगा, कूपनं तुमची, मागच्या बाजूला तुमचं नाव. एखादा माजी खेळाडू आचाऱ्याची मजुरी उचलतो, हॉल देवस्थान किंवा शाळा देते. हे जमलं की प्रत्येक कूपनातले १०७ रुपये थेट किटाकडे जातात. दोनशे कूपनांतून २१,३४० उरतात आणि बारा जणांचं किट होतं. देणगीदार मिळत नसतील तर कूपन २५० करा, पण मग दोनशे खपूनही १४,८४० च उरतात आणि २५० रुपयांचं कूपन चौघांच्या कुटुंबाला जड जातं.

सगळ्यात जास्त गळती फुकटच्या पानांत होते. पाहुणे, माजी पदाधिकारी, त्यांच्याबरोबर आलेले दोघे असे वीस जण सहज होतात. वरच्या हिशेबात वीस पानं फुकट गेली की उरतात १७,३४०. म्हणजे किटाचं लक्ष्य हुकलं. पाहुण्यांनाही कूपनच विका. गावाच्या पोरांसाठी आहे म्हटल्यावर मान्यवर नाही म्हणत नाहीत, आणि त्यांनी रांगेत कूपन दिलेलं बघून बाकीचेही देतात. वाढणाऱ्या पोरांचं जेवण मात्र दोनशेच्या हिशेबात आधीच धरा. त्यांना शेवटी उरलंसुरलं खायला लावू नका.

कूपनांवर अनुक्रमांक हवा. पुस्तक कोणाला दिलं ते वहीत लिहा आणि जेवणाच्या चार दिवस आधी न विकलेली कूपनं आणि विकलेल्यांचे पैसे परत घ्या. ‘विकलीत, पैसे नंतर देतो’ हे वाक्य ऐकून घ्यायचं नाही. भाकरीची ऑर्डर विकलेल्या कूपनांच्या आकड्यावर द्यायची, अंदाजावर नाही. क्यूआर मंडळाच्या खात्याचाच असावा, कुणा एकाच्या खात्याचा नको.

केटररला सगळं सोपवलं तर? याच बेताचे तो पानामागे १८० ते २२० सांगेल, वर पक्क्या बिलात पाच टक्के जीएसटी, आणि किमान पानांची अट. दोनशेच्या कूपनात मग काही उरत नाही. तरीही घ्यायचाच असेल तर बिलावरचा एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक पाहा. स्वतः रांधणार असाल तर अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात छोट्या व्यवसायाच्या नोंदणीची चौकशी करा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर निधी जमवण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली तात्पुरती परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच. कूपनावर ‘८० जी’ छापू नका. जेवण घेऊन दिलेले पैसे करसवलतीची देणगी होत नाहीत.

बुफेपेक्षा पंगत बरी. पन्नासची एक, अशा चार पंगती सातला सुरू करून साडेनऊपर्यंत उरकतात. लाउडस्पीकरही दहाच्या आत बंद होतो. पंगतीत भाकरी मागेल तेवढीच पडते, ताटात टाकली जात नाही. भाकऱ्या दोन खेपांत मागवा, अर्ध्या साडेसहाला आणि अर्ध्या आठला, कापड घातलेल्या टोपल्यांत. दहा किलोचं पिठलं एका पातेल्यात घालू नका. तळाला लागतं, मध्ये गुठळ्या राहतात आणि तिसऱ्या पंगतीपर्यंत वडीसारखं घट्ट होतं. फोडणी तयार ठेवून दर पंगतीला अडीच किलो बेसनाचं नवं पिठलं घाला. आचाऱ्याला हे मजुरी ठरवतानाच सांगा, कारण त्यासाठी त्याला शेवटपर्यंत शेगडीपाशी थांबावं लागतं. मठ्ठा बर्फात. अठरा वर्षांखालच्या मुलांना वाढू द्या, शेगडीजवळ जाऊ देऊ नका.

भांडी परत करताना भाड्याच्या पावतीवरचा आकडा लावून मोजा. हरवलेल्या डावाचे आणि वाट्यांचे पैसे अनामतीतून कापले जातात. जमा-खर्चाचा कागद तीन दिवसांत मंडळाच्या फळ्यावर लावा, देणगीदारांच्या नावांसह आणि बिलांच्या प्रतींसह. किट आलं की त्याचं बिलही तिथेच लावा.