ऑटिझमच्या निदानानंतर : शेवगावसारख्या तालुक्यातील पालकांसाठी

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. अशा मुलाला बोलून किंवा खुणेने संवाद साधणे अवघड जाते. त्याच त्या कृतीची त्याला ओढ असते. आवाज, स्पर्श, उजेड, चव यांची जाणीव कुठे फार तीव्र, तर कुठे फार कमी असते. १९४३ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा मुलांचे सविस्तर वर्णन केले. पुढे काही दशके आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. ती समजूत चुकीची ठरली. ऑटिझमचा लसीशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरीही निदान झाल्यावर घरात पहिला वाद दोषाचाच होतो : सुनेने मोबाईल हातात दिला, गरोदरपणात काळजी घेतली नाही, माहेरच्यांत काहीतरी असेल. मोबाईलने ऑटिझम होत नाही. मात्र मुलाशी बोलण्याचा, खेळण्याचा वेळ तो खातो, म्हणून तो कमी करणे भाग आहे.

वेळ वाया जाण्याची पहिली वाट म्हणजे थांबून राहणे. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही उशिरा बोलला’ अशा समजुतीत महत्त्वाची वर्षे निघून जातात. दुसरी वाट म्हणजे बरे करून देणाऱ्याचा शोध. देवऋषी, गंडेदोरे, महागडी पूरक औषधे आणि शहरातले स्टेम सेल उपचार यांवर दागिने मोडले जातात, जमीन गहाण पडते. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ऑटिझम घालवणारे औषध नाही. फिट, झोप किंवा टोकाची अस्वस्थता यांवरची औषधे वेगळी. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत.

आधार असतो तो संवाद आणि वागणे शिकवणाऱ्या थेरपीचा; पण शेवगावहून त्यासाठी अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. एका फेरीत दिवस मोडतो, रोजगार बुडतो. सुरुवातीच्या उत्साहात रोजच्या फेऱ्या ठरतात आणि काही महिन्यांत सगळेच बंद पडते. त्यापेक्षा झेपेल तितक्याच फेऱ्या ठरवाव्यात आणि थेरपिस्टने केलेली प्रत्येक गोष्ट घरी कशी करायची, हे तिथेच शिकून घ्यावे. मूल आत आणि आई-वडील बाहेर बाकावर, अशी थेरपी दूरच्या कुटुंबाला परवडत नाही.

घरचे काम रोजच्या व्यवहारातच होते. मुलाने मागण्याआधीच पाणी त्याच्यापुढे करू नये. पेला दाखवून थोडे थांबावे. नजर, बोट, आवाज, चित्र यांपैकी जे येईल त्याला लगेच दाद द्यावी. चित्र दाखवून मागायला शिकवल्याने बोलणे मागे पडत नाही. उठणे, दात घासणे, नाश्ता, अंगणवाडी या क्रमाची चित्रे भिंतीवर लावावीत. आजी-आजोबांसह सर्वांनी एका गोष्टीसाठी एकच शब्द वापरावा. लग्नाच्या वरातीत, डीजेसमोर किंवा आठवडे बाजारात मूल अंग टाकून रडते, तेव्हा तो बहुधा हट्ट नसतो. आवाज आणि गर्दी त्याला सोसवत नाही. रागावण्याऐवजी त्याला आधी शांत जागी न्यावे. ऑटिझम असलेली मुले कधी कधी अचानक घराबाहेर पडतात आणि अनेकांना पाण्याची ओढ असते. म्हणून शेततळ्याला कुंपण, विहिरीला कठडा आणि दाराला उंचावर कडी हवी.

शेवगाव-पाथर्डी भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांपुढे आणखी अडचण असते. जागा, माणसे, झोपेची वेळ सगळेच बदलते आणि शिकलेले मागे पडते. मुलाला गावी ओळखीच्या माणसाजवळ ठेवता आले तर बरे. न्यावेच लागले, तर तीच चित्रे, तेच अंथरूण, तेच ताट सोबत न्यावे.

कागदपत्रांना उशीर करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केल्यावर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमची तीव्रता ‘आयसा’ या भारतीय मापनश्रेणीने मोजतात. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. लहानपणी मिळालेले दिव्यांगत्व प्रमाणपत्र अनेकदा मुदतीचे असते, त्यामुळे त्यावरची तारीख पाहून ठेवावी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही समावेश आहे. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवावे; जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे ते पाठवू शकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा ‘सांभाळता येणार नाही’ म्हणाली, तर प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाला भेटावे.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँक आणि मालमत्तेचे निर्णय घेण्यास मूल असमर्थ असेल, तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. निदानाचा पहिला कागद, तपासण्या आणि प्रमाणपत्रे तेव्हाही उपयोगी पडतात. ती पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये जपून ठेवावीत.