कर्जाच्या कागदावरील इंग्रजी शब्दजोड्या

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोट व आसपासच्या गावांत घरी बारेली, निमाडी वा मराठी, कचेरीत हिंदी आणि बँकेच्या कागदावर पुष्कळदा इंग्रजी असा व्यवहार चालतो. सही किंवा अंगठा मात्र त्या इंग्रजी मजकुराखाली होतो. म्हणून कर्जासंबंधीच्या काही नेहमीच्या इंग्रजी शब्दजोड्यांचा परिचय येथे करून दिला आहे. शिक्षकांनी हा पाठ प्रौढांच्या वर्गातही घ्यावा.

प्रत्येक भाषेत नामाबरोबर येणारे क्रियापद ठरलेले असते. मराठीत आपण कर्ज काढतो, फेडतो किंवा बुडवतो. शेत गहाण ठेवतो. दुसऱ्याला जामीन राहतो. इंग्रजीतही तसेच आहे. ‘टेक आउट अ लोन’ म्हणजे कर्ज काढणे. ‘रन अप अ डेट’ म्हणजे हळूहळू कर्ज साचू देणे. ‘फॉल इन्टू अरिअर्स’ म्हणजे हप्ते थकणे. ‘डिफॉल्ट ऑन अ लोन’ म्हणजे ठरल्याप्रमाणे परतफेड न करणे.

पुढील दोन जोड्यांमधील भेद विशेष ध्यानात ठेवावा. ‘पे ऑफ अ लोन’ म्हणजे कर्ज पूर्ण फेडून मोकळे होणे. ‘राइट ऑफ अ लोन’ म्हणजे बँकेने ते आपल्या हिशेबातून निर्लेखित करणे. दोहोंत ‘ऑफ’ हा शब्द असल्यामुळे दोन्हींचा शेवट एकच, असा समज होतो. वस्तुतः निर्लेखनानंतरही ऋणकोचे देणे कायम राहते व बँक वसुली करू शकते. देणे सोडून देणे यास ‘वेव्ह अ लोन’, म्हणजे कर्ज माफ करणे, असे म्हणतात. निर्लेखनालाच माफी समजून जो स्वस्थ बसेल, त्याच्या दारी वसुलीची नोटीस येऊ शकते.

तिसरी जोडी ‘स्टँड गॅरंटी’, म्हणजे जामीन राहणे. शेजारधर्म म्हणून केलेली ही सही नुसती ओळख पटवण्यापुरती नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ अन्वये, करारात वेगळे ठरले नसल्यास, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते.

चौथी जोडी व्याजाची. ‘फ्लॅट रेट’मध्ये व्याज अखेरपर्यंत मूळ रकमेवर आकारतात, तर ‘रिड्यूसिंग बॅलन्स’मध्ये उरलेल्या मुद्दलावर. समजा, १२,००० रुपये वार्षिक १२ टक्के दराने घेतले व दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडले. पहिल्या पद्धतीने वर्षाचे व्याज १,४४० रुपये होते. दुसरीने पहिल्या महिन्यास १२०, दुसऱ्यास ११०, असे उतरत जाऊन एकूण ७८० रुपये. दर तोच असूनही ६६० रुपयांचे अंतर पडते.

कागद न समजता सही करण्याचे परिणाम महाराष्ट्राने पूर्वी भोगले आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो अनेक गावांत पसरला. सावकारांचे कर्जरोखे हस्तगत करून जाळणे हा त्याचा मुख्य रोख होता. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यान्वये शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिण्याची व्यवस्था झाली आणि भरलेल्या रकमेची पावती मागण्याचा हक्क मिळाला. अलीकडे, २०२४ साली, रिझर्व्ह बँकेने किरकोळ व लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य अटींचे पत्रक ऋणकोस समजणाऱ्या भाषेत देण्याचे बंधन घातले.

तथापि, पत्रक हाती आले तरी ते वाचण्याचे काम आपलेच आहे. ग्रामस्थांनी सहीपूर्वी चार प्रश्न विचारावेत : व्याज कोणत्या रकमेवर? हप्ता कधी? तारण काय? जामीन कोण? प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी. कर्ज फिटल्यावर ‘नो ड्यूज सर्टिफिकेट’, म्हणजे बेबाकीचा दाखला, मागून घ्यावा. अधिकाऱ्यांनी कागद वाचून दाखवण्यास वेळ द्यावा.

स्वाध्याय : ‘पे ऑफ’, ‘राइट ऑफ’ व ‘वेव्ह’ यांपैकी कोणत्या दोहोंनंतर देणे उरत नाही, ते सकारण सांगा.