मोहाच्या झाडाखाली स्तोत्र १०४

स्तोत्र १०४ मधील वचने २० ते २३ उघडा. रात्र वनपशूंची आणि दिवस माणसाच्या कामाचा, अशी देवाने वेळ वाटून दिली आहे. सातपुड्यातल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत मी हा पाठ मार्च-एप्रिलमध्ये शिकवतो, तेव्हा ही वाटणी अवघड होते. मोहाची फुले पहाटे गळतात, आणि अस्वलालाही ती फार आवडतात. कोरकू भगिनी उजाडण्याआधीच टोपल्या घेऊन निघतात; उशीर झाला तर गुरे, चितळ फुले खाऊन टाकतात. अस्वलाची नजर मंद. माणूस एकदम जवळ आला की ते दचकून अंगावर येते. म्हणून मी सांगतो, एकटीने जाऊ नका, मोठ्याने बोलत, गाणी म्हणत जा. ‘सूर्य उगवेपर्यंत थांबा’ असे मात्र मला सांगवत नाही. त्या फुलांच्या पैशांवर घरचे तेल-मीठ येते.