पिंजऱ्यातल्या पाखरांचा महिन्याचा शिधा

बजरीगरच्या जोडीला इंदूरमध्ये महिन्याला साठ-सत्तर रुपयांचे दाणे पुरतात. बाजारात ‘लव्ह बर्ड’ म्हणून जे पक्षी विकतात, ते बहुतेक हेच. पुष्कळ घरांत त्यांचा आहार या दाण्यांपुरताच असतो, आणि तिथेच चुकतं. नुसत्या दाण्यांत अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि आयोडीन फारच कमी. असं काही महिने-वर्षं चाललं की पक्षी शिंकू लागतो, नाक चोंदतं, मादीचं अंडं पोटात अडकतं.

आधी दाण्यांचं बघू. बजरीगरचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. रोज सहा ते आठ ग्रॅम दाणे, म्हणजे जोडीला महिन्याला जेमतेम अर्धा किलो. कॉकटेल (कॉकाटील) पक्ष्याला साधारण दुप्पट लागतं. कांगणी, बाजरी वगैरेंचं सुटं मिश्रण 100 ते 150 रुपये किलोनं मिळतं. नुसती कांगणी, म्हणजे आपले राळे, हवी असेल तर सियागंज किंवा छावनीत धान्याच्या दुकानांत विचारा; रंगीत पाकिटापेक्षा स्वस्त पडते. सूर्यफुलाचं बी बजरीगरला जवळपास नकोच, त्यानं यकृतावर चरबी चढते.

दाणा जुना आहे का हे घरीच कळतं. चमचाभर कांगणी ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दोन-तीन दिवसांत बहुतेक दाण्यांना मोड आले तर माल चांगला. नाही आले तर पुढच्या वेळी दुकान बदला. आलेले मोड स्वच्छ धुऊन पक्ष्याला घाला, आवडीनं खातो. दुसरं म्हणजे, पक्षी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते, पण वर सगळा कोंडाच असतो. रोज सकाळी फुंकर मारून बघा. भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी राहतो, हे खरंच घडतं.

भाजीचा खर्च वेगळा धरायलाच नको. मेथी, कोथिंबीर, सुरजन्याचा (शेवग्याचा) पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा यांतलं रोज काहीतरी, मीठ-तेल न लावता, नीट धुऊन द्या. पावसाळ्यात कोवळ्या भुट्ट्याचा तुकडा पिंजऱ्याला अडकवा. पालक क्वचितच द्यावा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलबोन) तीस-पन्नास रुपयांना येतो आणि महिना-दोन महिने टिकतो. पक्षी त्याला चोच लावत नसेल तर किसून भाजीवर भुरभुरा. सगळं धरून बजरीगरच्या जोडीला महिन्याला 75 ते 120 रुपये.

पाण्यात टाकायच्या जीवनसत्त्वांच्या थेंबांवर मात्र पैसे घालवू नका, असं मी आग्रहानं सांगेन. उजेडात आणि उन्हाळ्यात त्यांचा कस लवकर जातो, शिवाय चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो.

परदेशी पेलेट, म्हणजे पक्ष्यांचं तयार गोळी-खाद्य, 700 ते 1500 रुपये किलो. कॉकटेल असेल तर निम्मा आहार पेलेटवर आणणं परवडतं आणि फायद्याचंही आहे. पण एका दिवसात बदल करू नका. अनोळखी खाणं समोर आलं तर लहान पक्षी उपाशी राहील, पण त्याला शिवणार नाही. तीन-चार आठवडे थोडं थोडं मिसळा आणि रोज सकाळी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर वजन करा. काटा 300 ते 500 रुपयांत येतो. वजन दहा टक्के घटलं तर जुन्या आहारावर परत या.

आपल्या नाश्त्यातली शेव, पोहे, जिलबी पक्ष्याला देऊ नका. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, अॅव्होकॅडो तर विषच. आणि देशी हिरवा पोपट पाळूच नका: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा आहे.

डॉक्टरांची एक भेट साधारण 300 ते 700 रुपयांची धरा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, म्हणून फोनवर आधी विचारून घ्या. महूला 1955 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करा. पिसं फुगवून तळाशी बसलेल्या पक्ष्याला उद्यावर टाकू नका. नेताना पिंजऱ्यातला कागद बदलू नका, डॉक्टरांना आधी विष्ठाच बघायची असते.