‘ताई, हे तर तुम्ही दाखवलंच नाही!’

प्रश्न : मी कृषी सखी आहे. मे महिन्यात गटातल्या बायकांना गोणपाटावर सोयाबीनची उगवण तपासून दाखवली. सगळ्यांना हुबेहूब जमली. रब्बीत हरभऱ्याची वेळ आली, तर म्हणाल्या, ‘ताई, हे तर तुम्ही दाखवलंच नाही!’ माझं काय चुकलं?
– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : ताई, त्यांनी तुमचे हात पाहिले, हातामागचं कारण त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. पुढच्या वेळी तीन गोष्टी करा.

एक, मधेच थांबून विचारा : दाणे शंभरच का? पोत्याच्या वरून, मधून, तळातून का घ्यायचे? 70 उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं, एवढं सांगा. 62 उगवले तर काय करायचं, ते त्यांना ठरवू द्या.

दोन, सोयाबीन आणि हरभरा शेजारी-शेजारी मांडा. सोयाबीनचं टरफल नाजूक, मळणीत मार बसला की उगवण घटते. हरभरा भुंगा पोखरतो. कारणं वेगळी, तपासणी एकच, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

तीन, एक गोणपाट मुद्दाम कोरडं पडू द्या. दोष बियाण्याचा की पाण्याचा, यावर वाद होऊ द्या.

1989 मध्ये इंडोनेशियात भातशेतीत सुरू झालेल्या शेतीशाळेचं सूत्र हेच : आधी निरीक्षण, मग निर्णय शेतकऱ्याचा. उदाहरणार्थ, नांदेडच्या गोदाकाठच्या काळ्या रानात रुंद वरंब्याच्या सऱ्या जादा पाणी काढून देतात. हे ‘का’ कळलं, की माळावरच्या हलक्या रानात काय करायचं, ते शेतकरी स्वतःच ठरवतो.