रानडुकरासाठी काडतुसाची निवड

पिंपळे गुरवचे शिवार आता वस्तीखाली गेले आहे. परंतु पश्चिमेस मावळ व मुळशी भागांत रानडुकरे उभ्या पिकांची नासाडी करितात. परवान्याची बंदूक असली म्हणजे ती झाडण्याची मुभा मिळाली, असे मात्र नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ अन्वये वन विभागाची लेखी परवानगी प्रथम घ्यावी. काळवीट व चिंकारा यांस पिकाच्या नुकसानीच्या कारणावरून मारण्याची परवानगी मिळत नाही.

परवानगी मिळाल्यावर काडतूस निवडताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) बारीक छर्रे : बारा बोअरच्या बंदुकीतील बारीक छर्रे जाड कातडीत अडकतात. जनावर मरत नाही, जखमी होते. आणि जखमी डुक्कर माणसावर उलटते.

(२) पूर्ण कवचाची गोळी : ही बहुधा देहातून आरपार निघते. जनावर दूर जाऊन तडफडत मरते व पुढे गेलेली गोळी गुराख्यास लागू शकते.

(३) नरम टोकाची गोळी : हिचे शिशाचे टोक उघडे असते. देहात शिरताच ते पसरते व गोळीचा बराचसा जोर आतच खर्ची पडतो. ·३१५ बोअरच्या (८ मि.मी.) रायफलीसाठी हीच घ्यावी.

तथापि नेम चुकल्यास रायफलीची कोणतीही गोळी हजार मीटरहून अधिक अंतर जाऊ शकते. म्हणून जनावरामागे मातीचा उंच बांध वा चढ असल्याखेरीज चाप ओढू नये. वस्तीलगत गोळी झाडूच नये; तेथे कुंपण करावे व नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे विनाविलंब अर्ज करावा.